गाडीमागचं घर

१६ डिसेंबर २०२१ रोजी ग्रेट ब्रिटनमध्ये वाहन परवान्याचा एक नियम बदलला. ज्यांनी १ जानेवारी १९९७ नंतर इथली ड्रायव्हिंग टेस्ट दिली होती, त्यांना तोवर मोठी कॅराव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. त्या दिवसापासून ती परीक्षाच रद्द झाली. साधा कारचा परवाना असलेला कोणीही आता साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर गाडीला जोडून थेट मोटरवेवर आणू शकतो.

आपल्या लोकांशी याचा संबंध अगदी जवळचा आहे. भारतीय परवाना इथे बारा महिने चालतो, त्यानंतर इथली परीक्षा द्यावीच लागते. साठ-सत्तरच्या दशकात एनएचएसमध्ये आलेल्या आपल्या डॉक्टरमंडळींनी ती १९९७च्या बरीच आधी दिली, आणि त्यांच्या परवान्यावर गाडी व ट्रेलर मिळून सव्वाआठ टनांपर्यंत वाहून नेण्याचा हक्क आपोआप छापून आला. त्यातल्या बहुतेकांनी तो कधी वापरला नाही ही गोष्ट वेगळी. नव्वदीच्या शेवटी आणि नंतर आलेली आमची आयटीवाली पिढी मात्र त्या हक्काला मुकली होती. २०२१ साली साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढण्याचा हक्क आम्हालाही मिळाला, आणि मिळाला तो एका रात्रीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत ओळखीतल्या तीन-चार कुटुंबांनी सेकंडहँड कॅराव्हॅन घेतल्या. मागच्या सीटवर दोन मुलं, पुढे आई-बाबा आणि मागे सव्वा टनाचं घर. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं, की हे घर रस्त्यावर सरळ का चालतं आणि कधी चालत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. सांगणारी व्यवस्था हळूहळू कशी उभी राहिली आणि कशी सैल होत गेली, त्याची ही हकिगत.

परीक्षा रद्द करण्याचं कारण कॅराव्हॅनशी संबंधित नव्हतंच. २०२१मध्ये लॉरीचालकांचा मोठा तुटवडा पडला होता. पेट्रोल पंपांवरच्या त्या रांगा आठवत असतील. परीक्षकांचा वेळ लॉरीच्या परीक्षांसाठी मोकळा करायचा होता, म्हणून ट्रेलरच्या परीक्षेवर फुली मारली गेली. माझ्या मते हा निर्णय चुकीच्या टोकाकडून घेतला गेला. पण आता तो झालेला आहे.

हौसेची कॅराव्हॅन हा प्रकार सुरू झाला तो घोड्यांच्या काळात. त्याआधी चाकांवरच्या घरात राहत ते जिप्सी आणि जत्रेतले खेळवाले. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी एक घरगाडी बांधून घेतली. हे गृहस्थ आधी नौदलात सर्जन होते, नंतर मुलांसाठी साहसकथा लिहिण्यावर त्यांनी नाव कमावलं. गाडीचं नाव ‘वाँडरर’. महॉगनीचं लाकूड, आत पुस्तकांचं कपाट, आणि भरली की वजन सुमारे दोन टन. ट्वायफर्डहून निघून दोन घोड्यांच्या जोरावर ते थेट इन्व्हर्नेसला पोचले. या प्रवासाचं पुस्तकही पुढच्या वर्षी आलं.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचा नोकर फोली. तो तीनचाकी सायकलवर बसून गाडीच्या पुढे जात असे. समोरून काही वाहन येतंय का, रस्ता पुरेसा रुंद आहे का, रात्रीचा मुक्काम कुठे करता येईल, हे पाहून ठेवणं त्याचं काम. दोन टनांचं घर अचानक थांबवता येत नाही आणि अरुंद रस्त्यावर मागेही घेता येत नाही, हे स्टेबल्सना पुरतं ठाऊक होतं. आज उपग्रहाच्या नकाशात कॅराव्हॅनची लांबी-रुंदी भरून रस्ता विचारतात, ते फोलीचंच काम.

१९०७ साली कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. सभासद अर्थातच सुखवस्तू होते. दोन घोडे, गाडीवान आणि स्वयंपाकी घेऊन सहा आठवडे भटकणं हे कारकुनाच्या आवाक्यातलं नव्हतं. घोड्यांच्या काळात सुरक्षिततेचा प्रश्न मुख्यतः उताराचा आणि अरुंद रस्त्याचा होता. ताशी तीन-चार मैलांच्या वेगात गाडी डुलली तरी बिघडत नाही.

मोटारीने हे सगळं बदललं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, बर्मिंगहॅमच्या एक्कल्स कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅन विक्रीसाठी बनवायला घेतल्या. कंपनी रायली पिता-पुत्रांनी विकत घेतलेली होती. १९२७मध्ये त्यांनी स्टर्चलीला खास कॅराव्हॅनसाठी कारखाना उभारला. त्या काळच्या मोटारींना मागे ओढण्यासाठी काहीच सोय नसे. चासीला लोखंडी कंस बोल्टने ठोकून घ्यायचा, तोही बऱ्याचदा गावातल्या लोहाराकडून, आणि त्यावर कॅराव्हॅन अडकवायची. मोटारीचे ब्रेक स्वतःला थांबवायलाच जेमतेम पुरत. मागचं वजन कोण थांबवणार?

या प्रश्नाला मिळालेलं उत्तर इतकं सुटसुटीत आहे, की शंभर वर्षांनंतरही जवळजवळ तेच वापरात आहे. मोटारीने ब्रेक लावला की मागून येणारी कॅराव्हॅन जडत्वाने पुढे रेटते. जोडणीचा दांडा थोडा आत सरकतो, आणि तो सरकताना एक सळई ओढून कॅराव्हॅनच्या चाकांचे ब्रेक लावतो. जितका रेटा जास्त, तितका ब्रेक जास्त. वीज नको, वायर नको. एकच अडचण होती. रिव्हर्स घेतानाही कॅराव्हॅन तशीच रेटते, म्हणजे मागे जायला निघालात की ब्रेक लागलाच. म्हणून जुन्या कॅराव्हॅनना एक खिट्टी असे. कोणीतरी खाली उतरून ती अडकवायची, मग गाडी मागे घ्यायची, आणि पुन्हा काढायची. काढायला विसरलात तर पुढच्या उतारावर कॅराव्हॅनला ब्रेक नाही. अशी खिट्टी न लागणारे, आपोआप सुटणारे ब्रेक ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नव्या कॅराव्हॅनना सक्तीचे झाले. जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

१९३०च्या रोड ट्रॅफिक कायद्याने हलक्या मोटारींवरची ताशी २० मैलांची मर्यादा उठवली. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारींना मात्र मर्यादा राहिली. कॅराव्हॅनवाले यावर फार कुरकुरत, पण कायदा करणाऱ्यांना कुठेतरी कळलं होतं, की मागे घर असलेली मोटार हे वेगळंच जनावर आहे. १९३८चा पगारी सुट्टीचा कायदा आला, मग युद्ध आलं, आणि कॅराव्हॅन खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या घरात शिरली ती युद्धानंतर.

त्याचं बरंच श्रेय सॅम आल्पर या माणसाला जातं. त्याची ‘स्प्राइट’ कॅराव्हॅन हलकी होती, स्वस्त होती आणि साध्या फॅमिली कारला ओढता येईल अशी होती. ती टिकते हे दाखवायला त्याने स्वतः भूमध्य समुद्राभोवती हजारो मैलांची सफर केली. (याच माणसाने १९५८ साली रेडिंगला ‘लिटल शेफ’चं पहिलं उपाहारगृह काढलं. कॅराव्हॅनवाल्यांना वाटेत चहा कुठे मिळणार, हाही विचार त्याने केला असावा.) पन्नास-साठच्या दशकांत कॅराव्हॅनच्या रॅली भरत. मोटार रेसिंगच्या ट्रॅकवर मंडळी कॅराव्हॅनसकट गाड्या पळवत. कारखानदारांना यातून जाहिरात मिळे आणि थोडंफार शिक्षणही.

१९५८मध्ये प्रेस्टनचा बायपास उघडला, १९५९मध्ये एम-वन. देशात प्रथमच असे रस्ते आले, जिथे साध्या माणसाला कॅराव्हॅन घेऊन तासभर न थांबता वेगात जाता येत होतं. ओढणाऱ्या गाड्या होत्या हिलमन मिंक्स, मॉरिस ऑक्सफर्ड आणि १९६२नंतर फोर्ड कॉर्टिना. पहिल्या कॉर्टिनाचं वजन आठशे किलोच्या आसपास. मागची कॅराव्हॅन सामानासकट तिच्याइतकीच, कधी तिच्याहून जड. लांब सरळ उतार, बाजूने जाणारी मोठी लॉरी, आणि आरशात दिसतं की आपलं घर डावी-उजवीकडे शेपटीसारखं हलतंय. इंग्रजीत याला ‘स्नेकिंग’ म्हणतात. हेलकावे थांबले नाहीत तर शेवटी मोटार आणि कॅराव्हॅन खिशातल्या चाकूसारखी एकमेकांवर मिटतात, किंवा दोन्ही आडव्या होतात.

हे का होतं, ते समजायला आपल्याकडे इंग्रजांपेक्षा चांगले शब्द आहेत. ज्यांनी लहानपणी आजोळी बैलगाडी भरताना पाहिली असेल त्यांना ‘उलाळ’ आणि ‘धुरजड’ हे शब्द आठवतील. मागे जास्त ओझं झालं की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून वर ओढलं जातं आणि गाडी मागे कलंडायला बघते. पुढे जास्त झालं की ती धुरजड, आणि सगळा भार बैलांच्या खांद्यावर. चांगला धुरकरी पोती चढवताना मधूनच धुरा हाताने उचलून बघायचा, आणि एखादं पोतं हातभर पुढे किंवा मागे सरकवायचा. किंचित धुरजड हवी, पण किंचितच.

कॅराव्हॅनचा पहिला नियम हाच आहे. तिच्या नाकाने मोटारीच्या गोळ्यावर, म्हणजे त्या ५० मिलिमीटरच्या टोबॉलवर, खाली दाबलंच पाहिजे. किती, तर भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के. १२७५ किलोची कॅराव्हॅन असेल तर साधारण ६४ ते ८९ किलो. शिवाय मोटारीच्या आणि टोबारच्या कंपनीने दिलेली कमाल मर्यादा असते, ती कधी ७५ असते, कधी १००. दोन्हींपैकी लहान आकडा पाळायचा. मोजायचं साधन बाजारात मिळतं, पण बाथरूमचा वजनकाटा आणि मापाने कापलेला लाकडी दांडका यांनीही काम होतं. उलाळ कॅराव्हॅन मोटारीचा मागचा भाग वर उचलते, मागच्या चाकांची पकड कमी करते, आणि मग शेपूट हलायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट जरा कमी ऐकिवातली आहे. खांद्यावर कावड घेतलेला माणूस आठवा. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी. सरळ चालताना त्याला त्रास नाही, पण बोळात वळायचं झालं की कावड वळायला नको म्हणते, आणि एकदा वळायला लागली की थांबायला नको म्हणते. त्याच दोन घागरी त्याने पोटाशी धरल्या तर वजन तेवढंच, पण गिरकी घेता येते. कॅराव्हॅनचंही असंच. पुढच्या लॉकरमध्ये गॅसची दोन सिलिंडरं आणि मागच्या टोकाला सुटं चाक नि सायकली असं ठेवलं तर काट्यावर नाकाचं वजन बरोबर दिसेल, पण गाडीची कावड झालेली असेल. एकदा डुलायला लागली की आवरणार नाही.

हे फक्त जुन्या जाणत्यांचं म्हणणं नाही. बाथ विद्यापीठातल्या जोस डार्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनं हवी तशी सरकवता येतील असा ट्रेलर घेऊन प्रयोग केले, आणि २००९मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मोटार आणि ट्रेलर यांच्या वजनाचं गुणोत्तर ही एकच निर्णायक गोष्ट नाही, असं त्यात दिसलं. ट्रेलरमधल्या वजनाची मांडणी, नाकावरचा भार आणि आसाची जागा यांचा परिणाम मोठा असतो. मला हे वाचताना धुरा उचलून बघणारा धुरकरी आठवत होता.

आता वेगाचं. कॅराव्हॅन टोबॉलभोवती फिरायला मोकळी असते. वाऱ्याने किंवा लॉरीने तिला ढकललं की ती वाकडी होते, टायर तिला परत रेषेत आणतात, ती रेषा ओलांडून पलीकडे जाते, पुन्हा परत येते. कमी वेगात प्रत्येक हेलकाव्यात थोडी ताकद टायरच्या घर्षणात जिरते आणि तीन-चार हेलकाव्यांत सगळं शांत होतं. वेग वाढेल तसं हे जिरणं कमी होत जातं. एका वेगाला ते शून्य होतं. त्याच्या वर गेलात तर हेलकावा प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा होतो, कारण तो आता मोटारीच्या पुढच्या गतीतूनच ताकद घेत असतो. हा वेग कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो. तो तुम्ही सामान कसं भरलंय त्यावर ठरतो, आणि दर प्रवासाला बदलतो. नीट भरलेल्या कॅराव्हॅनला तो कायदेशीर मर्यादेच्या बराच वर असेल. वाईट भरलेलीला पन्नास मैलांवरही येऊ शकतो. म्हणून ‘गेल्या वर्षी याच गाडीने साठने गेलो होतो’ या वाक्याला अर्थ नाही.

सत्तरच्या दशकात कायद्याने हे शहाणपण एका मजेदार पद्धतीने अंगात घेतलं. कॅराव्हॅनची मर्यादा ताशी ४० मैल होती ती ५० केली, पण अटींवर. मोटारीचं रिकामं वजन आणि कॅराव्हॅनचं कमाल वजन लिहून लावायचं, कॅराव्हॅन मोटारीपेक्षा जड असता कामा नये, आणि मागे ‘५०’ असा आकडा डकवायचा. हा आकडा मिरवणं म्हणजे माझं वजन मी मोजलंय असं सांगणं. नंतर मर्यादा वाढली आणि तो आकडा गेला. आज मोटरवे आणि दुहेरी रस्त्यावर ६०, एकेरी रस्त्यावर ५०, आणि तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वात उजवी लेन बंद. वजनाचं गुणोत्तर मात्र सल्ल्यापुरतं उरलं. नवख्याने भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असं क्लब आणि उद्योग दोघेही सांगतात. दीड टनाच्या मोटारीमागे १२७५ किलो. अनुभव आला की वर सरकावं, पण शंभर टक्क्यांच्या पुढे कधीच नाही. हा कायदा नव्हे. कोणी थांबवून विचारणार नाही. मोटारीच्या कंपनीने दिलेली ओढण्याची मर्यादा ओलांडलीत तर मात्र पोलीस आणि विमा कंपनी दोघेही विचारतील.

स्टॅबिलायझर नावाची उपकरणं याच वाढत्या वेगाची लेकरं. आधी आली लोखंडी पट्टीची. एक लांब पात मोटारीच्या कंसापासून कॅराव्हॅनच्या दांड्यापर्यंत, आणि सांध्यात घर्षणाच्या चकत्या. मग आल्या टोबॉललाच दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या जोडण्या. यात एक गंमत आहे. जुन्या जमान्यात गोळ्याला वंगण लावणं हे धर्मकर्तव्य होतं, आणि पँटला डाग पडू नये म्हणून त्यावर कापलेला टेनिस बॉल बसवत. चिमटीच्या जोडणीला वंगण म्हणजे विष. गोळा स्वच्छ, कोरडा हवा, नाहीतर चकत्या घसरतात. जुन्या माणसाकडून गाडी घेतलीत तर त्याचा सल्ला आणि गाडीची जोडणी एकाच जमान्यातली आहेत का, हे पाहून घ्या.

बाथच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. घर्षणावर चालणारा स्टॅबिलायझर तुलनेने कमी वेगात उपयोगी पडतो. जास्त वेगात खरा उपयोग होतो तो कॅराव्हॅनचे ब्रेक स्वतःहून लावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा. माझं मत असं, की घर्षणाच्या स्टॅबिलायझरमध्ये एक छुपा धोका आहे. पन्नास मैलांवर कॅराव्हॅन थोडी डुलते तेव्हा ती तुम्हाला सांगत असते, की सामान चुकलंय. स्टॅबिलायझर ते डुलणं दाबून टाकतो, आणि मग ती थेट पासष्टला बोलते. म्हणून सामान आधी नीट लावावं आणि स्टॅबिलायझर त्यानंतर. उलट्या क्रमाने करू नये.

आता आपल्या घरांपुरतं थोडं. कॅराव्हॅनच्या कागदावर रिकामं वजन आणि कमाल वजन असे दोन आकडे असतात. फरक बऱ्याच वेळा दीडशे किलोच्या आसपास निघतो. त्यात बॅटरी, तंबूसारखा पुढे लावायचा ऑनिंग, गॅस, खुर्च्या, कपडे. आपण त्यात दहा किलो तांदूळ, दहा किलो आटा, पाच लिटरचा कुकर, लोखंडी तवा, चिवड्याचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या घालतो. दोन कुटुंबं एकत्र जाणार असतील तर मिक्सरसुद्धा. जड सगळं जमिनीवर, आसाच्या अगदी वर किंवा किंचित पुढे. वरच्या कपाटांत फक्त चिप्स आणि टॉवेल. पाण्याचं चाळीस लिटरचं पिंप मुक्कामावर भरायचं. भरलेलं नेलं तर ते चाळीस किलो आहे, शिवाय आत पाणी हिंदकळतं. तांदळाचं पोतं मोटारीच्या डिकीत ठेवलं तर आणखी चांगलं, पण तिथे मोटारीच्या मागच्या आसाचा भार बघायचा. आणि माणसं सगळी मोटारीत. आजींना पाठ टेकायची आहे म्हणून चालत्या कॅराव्हॅनमध्ये झोपवणं बेकायदा आहे, आणि अपघातात त्या खोक्याचं काय होतं ते पाहिलं असेल तर पुन्हा कोणी विचारणार नाही.

आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूला उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि तरी ते बहुतेक वेळा कारखान्यात पोचतात, कारण वेग पंधरा-वीसचा. ‘गावी तर याहून जड ओढतात’ असं जे म्हणतात, त्यांनी हा वेग लक्षात घ्यावा.

हेलकावे सुरू झालेच तर काय करायचं, याबद्दल कित्येक वर्षं एक चुकीचा सल्ला तोंडोतोंडी फिरत होता, अजूनही फिरतो. अॅक्सिलरेटर दाबा, मोटार पुढे ओढेल आणि कॅराव्हॅन सरळ होईल. क्षणभर होतेही. पण वेग वाढलेला असतो, आणि पुढचा हेलकावा त्या वेगात येतो. हायवे कोडचा नियम ९८ सांगतो तेच बरोबर: पाय अॅक्सिलरेटरवरून हळूच काढा आणि वेग सावकाश उतरू द्या. जोरात ब्रेक नको. स्टिअरिंगने हेलकाव्याचा पाठलाग नको, कारण आपली प्रतिक्रिया नेहमी अर्ध्या हेलकाव्याने उशिरा पोचते आणि त्याला झोकाच देते. हात घट्ट पण स्थिर. मग पुढच्या सर्व्हिसेसला थांबून सामान उपसायचं.

असे क्षण कुठे येतात हेही माहीत असावं. लांब उतारावर. मोठी बस किंवा लॉरी ओलांडून जाते तेव्हा: आधी ती कॅराव्हॅनला दूर ढकलते, मग स्वतःकडे ओढते. झाडांची किंवा टेकडीची आड संपून अचानक मोकळं लागतं तिथे, आणि १९६६ साली बांधलेल्या सेव्हर्न पुलासारख्या उंच पुलांवर, जिथे वारा वाढला की उंच वाहनं अडवतात. काही रस्ते तर कॅराव्हॅनला बंदच आहेत. थर्स्कहून स्कारबरोकडे जाणाऱ्या ए-१७० रस्त्यावर सटन बँकचा चढ चारास एक आहे. तिथे कॅराव्हॅनना मनाई आहे आणि पाट्या वळसा दाखवतात. यॉर्कशरला पहिल्यांदा जाणारे नकाशावरचा जवळचा रस्ता बघून तिकडेच निघतात.

एक छोटी पोलादी दोरी उरली. ब्रेकअवे केबल. कॅराव्हॅन कधी गोळ्यावरून सुटलीच, तर ही दोरी ताणली जाऊन कॅराव्हॅनचा हँडब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते. म्हणजे घर मागे थांबतं, मोटार पुढे जाते, आणि सुटलेलं वजन समोरच्याच्या लेनमध्ये धावत नाही. ब्रेक असलेल्या कॅराव्हॅनला ती लागतेच. ती कुठेही गुंडाळायची नाही. टोबारवर त्यासाठी असलेल्या जागीच अडकवायची, आणि वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल, जमिनीला घासणार नाही इतकी आखूड.

विजेच्या मोटारींनी यात नवा पेच आणला आहे. बॅटरीमुळे त्या जड असतात, म्हणजे ८५ टक्क्यांचं गणित एकदम सोपं होतं. पण काही मॉडेलना कंपनीने ओढण्याची परवानगीच दिलेली नाही, त्यामुळे मोटार घेतानाच तो आकडा विचारावा. ज्यांना परवानगी आहे त्यांचा पल्लाही कॅराव्हॅन लावल्यावर खूपच घटतो. दिवसात दोनदा चार्ज करावं लागतं, आणि चार्जिंगच्या बहुतेक जागा एका मोटारीपुरत्याच आखलेल्या असतात. म्हणजे सर्व्हिसेसला पोचल्यावर आधी कॅराव्हॅन सोडायची, मोटार चार्ज करायची, परत येऊन गोळा पुसायचा, जोडायची, दिवे तपासायचे, पुढचं छोटं चाक वर घ्यायचं. आणि प्रत्येक वेळी ती दोरी पुन्हा अडकवायची.